वर्गणीला निघण्याआधी

गणपती जवळ आले की आमच्या डोंबिवलीतली पोरं विचारतात, "काकू, यंदाही डायलिसिसच्या पेशंटसाठी पैसे जमवायचे ना?" जमवायचेच. पण मी बँकेच्या कॅश काउंटरवर नोकरी केलेली बाई. माझ्या अटी आधी ऐका.

पैसा तुमच्या हातात राहील तेवढा कमी वेळ राहू द्या. ज्या संस्थेसाठी आपण जमवतो, क्यूआर कोड तिच्याच खात्याचा हवा. "माझ्या नंबरवर टाका, मी पुढे पाठवतो" हे वाक्य आपल्या गटात कुणी म्हणायचं नाही, कितीही सज्जन असो. स्कॅन केल्यावर कोणाचं नाव येतंय, ते देणाऱ्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

रोख घ्यायला दोघांनी जायचं. एक पावती लिहील, दुसरा नोटा मोजेल. पावतीपुस्तक घेताना रजिस्टरमध्ये त्याचे क्रमांक आणि तुमची सही. कुणी अकरा रुपये दिले तरी पावती फाडायची. रात्री दोघांनी मिळून मोजायचं, कुठल्या किती नोटा ते चिठ्ठीवर लिहायचं आणि बँक उघडली की भरणा. वडापाव, रिक्षा यांचे पैसे जमलेल्या रकमेतून काढायचे नाहीत. त्यासाठी मी वेगळे ठेवते, मागून घ्या.

संस्था नोंदणीकृत आहे, तिचं पत्र खिशात असू द्या. एखाद्या गटाला स्वतःच्याच नावाने वर्गणी काढायची हौस असेल, तर त्यांनी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढावी. गणेश मंडळं काढतात तीच. आणि स्टेशनच्या हद्दीत परवानगीशिवाय डबा घेऊन उभं राहू नका.

८०जीबद्दल, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीबद्दल, हटकून विचारतील. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर करसवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयने घ्या आणि पॅन नंबर लिहून घ्या. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलतच नाही. ते लपवू नका. द्यायचं असतं तो देतोच.

परदेशातल्या नातेवाइकांचं जरा नाजूक आहे. भारतीय पासपोर्टवाला भाऊ दुबईहून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवतो, ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिक झालेल्या मामांची मात्र ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. मामांना "पाठवा" म्हणण्याआधी मला फोन करा.

आता खरा प्रश्न. दार उघडणारे निम्मे लोक म्हणतील, "डायलिसिस तर महात्मा फुले योजनेत फुकट होतं, मग पैसे कशाला?" इथे गडबडलात की दार बंद. प्रश्न रास्त आहे, वाद घालू नका. योजनेत डायलिसिस बसतं, हे आधी कबूल करा. मग सांगा की कसाऱ्याहून कल्याणला येणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, एकेका वेळी चारेक तास मशीनवर, आणि हे महिनाभरापुरतं नसतं. किडनी मिळेपर्यंत नाहीतर जन्मभर. सोबत येणाऱ्या बायकोची त्या दिवसाची मजुरी बुडते. स्टेशनपासून रिक्षा, बाहेरून आणायची औषधं हे वेगळंच. आपण पैसे देतो ते या खर्चाला. एवढं बोलून गप्प बसा. रडवेला सूर मला चालत नाही.

पेशंटचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत. नाव, गाव, रिपोर्ट काहीच नाही. मदत घेणाऱ्याने "हो" म्हटलं तरी नाही, कारण मदत घेताना "नको" म्हणायला जीभ वळत नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी सगळी पुस्तकं माझ्याकडे जमा करायची, कोरीसुद्धा. पावती चुकली तर फाडून फेकू नका. तिच्यावर दोन आडव्या रेघा मारा, "रद्द" लिहा आणि स्थळप्रतीलाच टाचून ठेवा.