पूर ओसरल्यावर भर पावसाळ्यात घर कसं सुकवावं आणि विम्याच्या पैशातून दुरुस्ती कशी करावी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. मधे जेमतेम सात आठवडे, तेही ऐन पावसाचे. गणपतीच्या आत घर रंगवून द्या, असा घरमालकाचा धोशा असतो आणि इकडे जांभ्याच्या भिंतीत पाणी मुरलेलं असतं. काम विम्याचं असेल तर त्यात नुकसान तपासणारा सर्व्हेअर येतो. त्याला रंगाची घाई नसते, पुरावा हवा असतो.

घर सुकवणं आणि घर दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे पहिल्याला कुणी कामच धरत नाही, म्हणून ते बिलातही येत नाही आणि धड होतही नाही. खालचा क्रम पूर आलेल्या घरासाठी लिहिला आहे. वरच्या मजल्यावरची टाकी फुटून भिजलेल्या फ्लॅटलाही तो बराचसा चालेल.

१. आत पाऊल टाकण्याआधी

मेन स्विच बंद आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्या. पाण्याखाली गेलेले स्विचबोर्ड, एमसीबी, इन्व्हर्टर, एसीचं बाहेरचं युनिट यांतलं काहीही “चालतंय का बघू” म्हणून चालू करू नका. बोर्ड उघडून गाळ काढायचा, वायरिंग सुकल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स एक मेगाओमच्या वर आला तरच पुरवठा जोडायचा.

जुनं घर चुना-मातीत किंवा नुसत्या मातीत बांधलेलं असेल तर सांध्यांतली माती वाहून गेली आहे का बघा. भिंत फुगली असेल, नवी तिरपी चीर दिसत असेल, तर आधी टेकू द्या आणि इंजिनिअरला बोलवा. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय मजुरांना गाळात उतरवू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण अशाच पाण्यातून होते. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

२. पाण्याची रेघ धुण्याआधी फोटो

भिंतीवर गाळाची जी रेघ उरते, ती दाव्यातला सर्वांत बोलका साक्षीदार. प्रत्येक खोलीत फरशीपासून त्या रेघेपर्यंत टेप धरून फोटो काढा. टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे. मग खोलीचा चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो आणि उपकरणांच्या मॉडेल व सिरियल नंबरच्या पट्ट्यांचे फोटो. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. तो जरूर करून घ्या, पण त्याने विमा कंपनीला कळवल्यासारखं होत नाही.

भिजलेलं सामान सर्व्हेअर येईपर्यंत ठेवावं, असं सांगतात. गाद्या, धान्य, सडकं फर्निचर किती दिवस ठेवणार? टाकावंच लागलं तर यादी करा, फोटो काढा, कंपनीला मेल करा आणि फर्निचरचा एखादा तुकडा नमुना म्हणून राखून ठेवा.

३. गाळ ओला असतानाच

गाळ सुकला की दगडासारखा बसतो. ओला आहे तोवर फावड्याने ओढा, मग स्वच्छ पाण्याने वरून खाली धुवा. ब्लीचिंग पावडरचं पाणी त्यानंतरच. गाळावर ओतलेलं ब्लीचिंग वाया जातं. टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर ते चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, जिप्समचं आणि पीओपीचं काम पुराच्या पाण्यात भिजलं असेल तर गेलं. वाचवण्यात वेळ घालवू नका. सागवानी चौकटी आणि दारं मात्र टिकतात.

स्कर्टिंगची पट्टी सगळीकडे काढा. भिंतीचा बुंधा उघडा पडतो आणि टाइलखालच्या वाळू-सिमेंटच्या थरातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. पुट्टी आणि ऑइल पेंट पाण्याच्या रेघेच्या वर निदान एक फुटापर्यंत खरवडा, कारण ओल रेघेवर थांबत नाही, वर चढते. प्लास्टर हातोडीने ठोकून पोकळ वाजेल तेवढंच पाडा.

४. सुकवणं

खिडक्या उघड्या टाकून पंखे लावले की घर सुकतं, हा समज उन्हाळ्यात खरा आहे. जुलैच्या कोकणात नाही. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण २७ ग्रॅम बाष्प मावतं. बाहेरची आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातली २४ ग्रॅमहून अधिक जागा आधीच भरलेली असते. अशी हवा भिंतीतून काय ओढून घेणार? पंखा तीच दमट हवा खोलीभर फिरवत राहतो आणि ओलं राहिलेल्या जागी २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते.

म्हणून पहिले एक-दोन दिवस, घर बाहेरच्यापेक्षा ओलं असताना, सगळं उघडं ठेवा. एक डिजिटल आर्द्रतामापक आत आणि एक बाहेर पावसाआड टांगा. दोन्ही आकडे सारखे झाले की उघड्या खिडक्यांचा उपयोग संपला. आता खोली बंद करायची, फटी प्लास्टिक आणि टेपने बुजवायच्या, आत डीह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र) चालू करायचा आणि पंखे भिंतींना तिरपे लावायचे. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणायची. मग त्याच २७ ग्रॅमांतली निम्मी जागा मोकळी होते आणि भिंत पाणी सोडू लागते.

आपल्या हवेत कंप्रेसरवर चालणारा डीह्युमिडिफायर चांगलं काम देतो. घेताना एक लक्षात ठेवा: खोक्यावर “दिवसाला इतके लिटर” लिहिलेलं असतं, ते बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचं असतं. खोली जसजशी सुकेल तसतसं पाणी कमी निघेल. यंत्र बिघडलं म्हणून आरडाओरडा नको. बादलीत रोज किती पाणी जमलं ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. यंत्र मिळालं नाही तर सुस्थितीतला एसी ड्राय मोडवर चालतो. जनरेटर मात्र घराबाहेरच, अगदी ओसरीतही नको, कारण त्याचा धूर जीव घेतो.

हॅलोजन लावून भिंत भाजू नका. वरचा पापुद्रा सुकतो, आतलं पाणी तिथेच राहतं, लाकूड तडकतं. बुरशी दिसली तर तिच्यावर पंखा सोडू नका, बीजाणू घरभर होतील. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून काढा.

५. सुकलं हे कशावरून?

हात लावून नाही. ओल मोजायचा मीटर घ्या. लाकडात १५-१६ टक्क्यांच्या खाली आलं की ठीक. भिंतीवर मात्र त्या मीटरचा आकडा टक्के म्हणून वाचायचा नसतो. वरच्या मजल्यावरच्या न भिजलेल्या भिंतीवर आधी टोचून बघा आणि तिच्याशी तुलना करा. खार फुटलेल्या भिंतीवर मीटर खोटा जास्त आकडा दाखवतो, तेव्हा खार कोरड्या ब्रशने झाडून पुन्हा मोजा. भिंतीवर पेन्सिलने खुणा करून रोज त्याच जागी मोजायचं आणि तारखेसह वहीत लिहायचं. काँक्रीटच्या फरशीवर दीड फुटाचं पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, निदान १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा काँक्रीट काळं पडलं तर वर काही बसवू नका.

६. अंदाजपत्रक आणि सर्व्हेअर

“पूरदुरुस्ती, एकूण अमुक लाख” अशा एका ओळीच्या कोटेशनवर कात्री लागणारच. खोलीवार लिहा: प्लास्टर पाडणं किती चौरस फूट, राडारोडा उचलणं, निर्जंतुकीकरण, सुकवण्याच्या यंत्राचं भाडं किती दिवस, नवं प्लास्टर, वायरिंग, रंग. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून बघा. फरक असेल तर कारण लिहा. सुकवण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवून सर्व्हेअरची संमती आधीच मेलवर घ्या. ती मीटरची वही इथे कामाला येते, कारण यंत्र इतके दिवस का चाललं याचं उत्तर तिच्यात तारखेनिशी असतं.

घरासाठी भारत गृह रक्षा पॉलिसी असेल (ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे) तर राडारोडा हटवण्याला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. कितीतरी जण हे मागतच नाहीत. उलट पूर्वी मोझेक फरशी होती आणि आता ग्रॅनाइट बसवायचं आहे, तर वरचा फरक मालकाचा. तो बिलात दडवू नका, वेगळा दाखवा. गच्चीतून आधीपासून झिरपणाऱ्या पाण्याचे डागही पुराच्या खात्यात घालू नका. तो डाग वरून खाली आलेला असतो, पुराची ओल खालून वर चढते. सर्व्हेअरला हे एका नजरेत कळतं आणि मग तो खऱ्या नुकसानीकडेही संशयाने बघतो.

७. रंग शेवटी

गणपतीसाठी घर उजळायचंच असेल तर चुन्याची सफेदी करा. चुना श्वास घेतो, भिंत आतून सुकत राहते आणि खर्चही थोडा. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की दिवाळीपर्यंत फोड येतात आणि मालक ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतो. विम्यातून रंगाचे पैसे एकदाच मिळतात, तेव्हा ती रक्कम पाऊस उलटून मीटरचे आकडे स्थिरावल्यावरच खर्च करा.

दारांचंही तसंच. फुगलेलं दार लागत नाही म्हणून सुताराला लगेच रंधा मारायला सांगू नका. ते बिजागरीतून काढून सावलीत, मधे पट्ट्या ठेवून सपाट ठेवा. मार्गशीर्षापर्यंत बहुतेक दारं आपोआप चौकटीत बसतात. आधीच तासलेल्या दाराला मात्र तेव्हा बोटभर फट पडलेली असते.