लॅपटॉप ओव्हरक्लॉक करताय? आधी व्होल्टेज सांभाळा

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं. त्यासाठी पहिल्यांदा तुमच्या प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. इंटेलमध्ये शेवटी एचके किंवा एचएक्स असेल तर मल्टिप्लायर (ज्या आकड्याने प्रोसेसरचा स्पीड ठरतो तो) वाढवता यायची शक्यता चांगली, नुसतं एच किंवा यू असेल तर बहुतेक वेळा तो लॉकच असतो. तरी पुढचं वाचा, कारण लॉक असलेल्या लॅपटॉपचा स्पीडसुद्धा निव्वळ व्होल्टेज कमी करून वाढतो आणि माझ्या मते लॅपटॉपमधला खरा फायदा तिथेच आहे.

कारण असं की प्रोसेसरची उष्णता फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.० गिगाहर्ट्झवर १.१० व्होल्ट लागतायत आणि तुम्ही ४.३ ला जायला १.२० व्होल्ट दिले, तर स्पीड वाढला साडेसात टक्के आणि उष्णता वाढली जवळपास २८ टक्के, आणि लॅपटॉपचे ते दोन छोटे फॅन एवढी उष्णता बाहेर काढणार कसे? बऱ्याच इंटेल मोबाइल चिप १०० डिग्रीला पोचल्या की स्वतःच स्पीड पाडतात, म्हणजे कष्ट करून वाढवलेलं सगळं तिथेच गेलं. म्हणून डेस्कटॉपवाल्यांचे आकडे बघून व्होल्टेज वाढवत बसू नका, लॅपटॉपमध्ये क्रम उलटा ठेवायचा, आधी व्होल्टेज खाली आणा आणि त्यातून जी जागा मिळते त्यात क्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वर न्या.

सुरुवातीला काहीही न बदलता सिनेबेंच (प्रोसेसरचा स्पीड मोजणारी टेस्ट) दहा मिनिटं चालवा, शेजारी सेन्सरचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा आणि तापमान, वॅट, क्लॉक, व्होल्टेज लिहून ठेवा. चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर पॉवर लिमिट (प्रोसेसरला किती वॅट घेता येतात ती मर्यादा) वेगळं असतं त्यामुळे ते आकडे कामाचे नाहीत.

मग व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर उघडा, थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलचं एक्सटीयू. कोअर व्होल्टेजचा ऑफसेट (मूळ व्होल्टेजमधला फरक) उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू करा, टेस्ट करा, नीट चाललं तर १० - १० ने खाली. आठव्या-नवव्या पिढीच्या चिपमध्ये कोअर आणि कॅशे (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) व्होल्टेजच्या एकाच लाइनवर असतात, नुसता कोअर खाली केला तर फरकच दिसत नाही, दोन्ही बरोबर उतरवावे लागतात, यात लोकांचे तासन्‌तास जातात म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि टेस्टिंग चालू असताना सेटिंग सेव्ह करू नका. लॅपटॉप हँग झाला तर रिस्टार्टला जुनं व्होल्टेज परत यायला पाहिजे, नाहीतर विंडोज चालू होता होताच परत क्रॅश.

सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर हलतच नसेल तर लॅपटॉप बिघडलेला नाही. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून अंडरव्होल्टिंग, म्हणजे व्होल्टेज कमी करणं, बंद केलं. काही मॉडेलच्या बायोसमध्ये ते परत चालू करायचा ऑप्शन असतो, बघून घ्या. नसेल तर पॉवर लिमिट नीट करणं आणि साफसफाई एवढंच हातात उरतं, इंटरनेटवरचा कुठलातरी मॉडिफाय केलेला बायोस टाकायला जाऊ नका, बोर्ड कायमचा मेलेला बघितलाय मी.

आता क्लॉक. मल्टिप्लायर एकावेळी एकच पायरी वाढवा, एक पायरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. बेस क्लॉकला, म्हणजे मल्टिप्लायरने ज्याला गुणलं जातं त्या मूळ फ्रिक्वेन्सीला, हात लावायचा नाही, त्याच्यावर बाकीचंही बरंच अवलंबून असतं. प्रत्येक पायरीनंतर ओसीसीटी किंवा प्राइम९५ ही स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी) अर्धा तास, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्होल्टेजचा किमान आकडा बघा, सरासरी नाही, कारण लोड अचानक वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि क्रॅश नेमका तेव्हाच होतो.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. माझा लॅपटॉप फुल लोडवर दोन तास मस्त चालला आणि नंतर साधा व्हिडिओ बघताना निळी स्क्रीन आली. हलक्या कामात एखाद-दोन कोअर सगळ्यात वरच्या टर्बोला (थोड्या वेळापुरता मिळणारा जास्तीचा स्पीड) उडी मारतात, त्या टोकाला व्होल्टेज जास्त लागतं आणि आपण तर तेच कापलेलं असतं. म्हणून स्ट्रेस टेस्ट पास झाली की दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापरा, ब्राउझर, गेम, स्लीपमध्ये टाकून उठवणं, सगळं. मधेमधे विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअरच्या एरर नोंदवणारा भाग) नोंदी तपासा, तिथे प्रोसेसरच्या दुरुस्त केलेल्या एरर दिसल्या तर क्रॅश झाला नसला तरी सेटिंग कच्चं आहे असंच समजा.

शेवटी जो ऑफसेट टिकला त्यात १० - १५ मिलिव्होल्ट परत द्या आणि मगच सेव्ह करा. पुढे कधी बायोस अपडेट झालं तर सगळं पहिल्यापासून तपासा, फॅनमध्ये धूळ साचली की तापमान चढतं आणि जे आज स्टेबल आहे ते काही महिन्यांनी अडखळायला लागतं, तेव्हा आधी फॅन साफ करा, व्होल्टेजला नंतर हात लावा.