बिल्डिंगमध्ये दिवाळी अंकांचं फिरतं मंडळ कसं चालवावं

"प्रत्येकाने एकेक अंक घ्या आणि आपापसात बदलून वाचा," हा सल्ला नवरात्र संपलं की जिन्यात ऐकू येतो. तो मनावर घेऊ नका. असं केलं की चार घरी एकच गाजलेला अंक येतो. विनोदी अंक कोणीच घेत नाही, कारण तो दुसरं कोणी तरी घेईलच अशी प्रत्येकाची खात्री असते. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे अंक तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच घरी टीपॉयखाली गोळा झालेले असतात. विकत घेणं पैशांनी होतं. फिरवणं शिस्तीने करावं लागतं, आणि मंडळं मोडतात ती तिथेच.

वाचायलाच हवेत तर नाशिकमध्ये सोयी कमी नाहीत. सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकपेट्या याच गावातून निघाल्या. बिल्डिंगचं मंडळ काढायचं ते एकाच कथेवरून समोरच्या काकूंशी जिन्यात वाद घालता यावा म्हणून.

घरं, वर्गणी, खरेदी

बारा घरं घ्या. नऊ असली तरी चालेल, पण पंधराच्या वर जाऊ नका, फेरी शिमग्यापर्यंत लांबते. घरटी 700 रुपये दसऱ्यालाच गोळा करा. बोनस झाल्यावर देतो म्हणणाऱ्यांना पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्या. जमले 8400. अंकाची किंमत आज साधारण 200 ते 400च्या दरम्यान असते, सरासरी 300 धरली तर 25 अंकांचे 7500 होतात. उरलेले 900 वेष्टनं, झेरॉक्स आणि शेवटच्या चहाला.

खरेदी एकाने करावी, समितीने नव्हे. मेन रोड, एम.जी. रोडकडच्या दुकानात यादी द्या आणि एकगठ्ठा घेण्याची सूट मागा, मिळते. साधारण 18 अंक वसुबारसेच्या आत घ्या, बाकीचे भाऊबीजेनंतर, कारण काही अंक हमखास उशिरा येतात आणि त्यांत चांगलेही असतात. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या प्रकाराने इतके फाटे काढलेत की आवडीवर सोडलं तर घोळ होतो. प्रमाण असं ठेवा: कथा-कवितांचे आठ, वैचारिक पाच, विनोदी चार, मुलांचे तीन, पाककृतींचे दोन, आरोग्य आणि पर्यटनाचा एकेक. झाले 24. पंचविसावा वार्षिक भविष्याचा. तो फेरीत घालायचा नाही. बाराव्या घरी तो फेब्रुवारीत पोचणार आणि तोवर निम्म्या राशींचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पहिल्या रविवारी गच्चीवर बाराही राशी मोठ्याने वाचून टाका.

पिशव्या भरणं

एका पिशवीत दोन अंक, एक जड आणि एक हलका. दोन वैचारिक एकत्र आले की पिशवी न उघडताच पुढे जाते. वेष्टन पारदर्शक प्लॅस्टिकचं, खाकी नको. मुखपृष्ठ झाकलं तर दिवाळी अंक आणि शाळेची वही यात फरक काय?

पिशव्या सोडण्याआधी शब्दकोड्यांची पानं झेरॉक्स करा, बारा बारा प्रती. हे विसरलात तर पहिल्याच घरचे आजोबा बॉलपेनने कोडं भरून मोकळे होतील. बक्षीस असलेल्या कोड्याची प्रवेशिका कोणी कापून घेतली, की तिच्या पाठीमागच्या कथेचा शेवटही कात्रीबरोबर जातो. प्रवेशिका कोणाला द्यायची याची चिठ्ठी आधीच काढा.

फेरी: इथे घाई करू नका

'वाचून झालं की पुढे द्या' हा नियम ऐकायला समंजस वाटतो आणि मंडळ महिन्याभरात बुडवतो. बारा घरांत एक तरी घर सावकाश वाचणारं असतं. मागची घरं वाचून पिशव्या पुढे ढकलत राहतात, त्या या घरी साचतात, आणि पुढच्या घरांकडे एकही नसते. मग संवाद सुरू होतो: "काकू, झाला का वाचून?" "अगं, शेवटची कथा राहिलीये, उद्या देते." जिन्यातला उद्या साधारण गुरुवारी उजाडतो. पुढे चिडचिड, आणि मग कोणी तरी मधली दोन घरं वगळून थेट हव्या त्या घरून अंक उचलून आणतं. त्या क्षणी कुठली पिशवी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून: वाचून झालं असो वा नसो, रविवारी सकाळी दहा ते अकरा या वेळात बाराही पिशव्या एकदमच हलल्या पाहिजेत. राहिलेली कथा फेरी संपल्यावर वाचता येते. यात कोणालाही सवलत देऊ नका, सेक्रेटरींना तर मुळीच नाही.

घरांना 1 ते 12 नंबर द्या, पण आडनावाच्या अक्षरांप्रमाणे नव्हे, जिन्याप्रमाणे. वरच्या मजल्यावरून खाली उतरत या, म्हणजे प्रत्येकाला फक्त शेजारच्या किंवा खालच्या दारात जायचं असतं. तळमजल्यावरून परत वर जाणारी एक पिशवी शाळकरी मुलाला सोपवा. बंगल्यांची गल्ली असेल तर एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत या. पहिल्या रविवारी घर 1 ला पिशवी 1, घर 2 ला पिशवी 2, असंच वाटप. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपली पिशवी पुढच्या नंबरला द्यायची, 12 ने 1 ला.

कुठली पिशवी कुठे, याला वही लागत नाही. घराच्या नंबरातून आतापर्यंत झालेल्या बदल्या वजा करा; उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर 12 मिळवा. सहा बदल्यांनंतर घर 5 कडे काय असेल? 5 वजा 6 म्हणजे उणे 1, अधिक 12, म्हणजे पिशवी 11. नसेल तर गडबड कुठे झाली ते लगेच सापडतं. हिशेब नको असेल त्यांच्यासाठी तक्ता लिफ्टशेजारी लावा.

आता खरी गोम: बंद घर. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतात, कोणी पुण्याला मुलीकडे जातं, कोणी गावी. आठ नंबरचं घर दोन आठवडे बंद असेल तर लोक काय करतात? आठला गाळतात. सातची पिशवी नऊकडे, नऊची दहाकडे, आणि आठची कुलपाच्या आत. आता फिरत्या पिशव्या अकरा. आठचे लोक परतले की त्यांची पिशवी बाहेर येते आणि जिला कोणाच्याही रांगेत जागा नाही अशी ती भटकत राहते. दोन घरांना ती दोनदा मिळते आणि चार घरांना कधीच नाही.

उपाय साधा आहे. घर बंद झालं तरी त्याचा नंबर बंद करायचा नाही. गावी जाताना आठने आपली पिशवी नऊच्या स्वाधीन करायची. तोवर नऊचं घर दोन नंबर चालवतं, आठचा आणि स्वतःचा. रविवारी सातची पिशवी आठच्या जागी नऊकडेच येते, आठची नऊच्या जागी सरकते, नऊची दहाकडे जाते. पिशव्या बाराच राहतात, क्रम तोच राहतो. नऊला दोन पिशव्या वाचायला मिळतात हा त्यांचा मोबदला. दोन्ही एकाच खुंटीला टांगू नका, सरमिसळ होते. आठच्या पिशवीला लाल दोरा बांधा आणि पिशवी सरकली की दोरा नव्या पिशवीला बांधा.

मध्येच कोणी "आम्हालाही घ्या" म्हणालं, तर एखाद्या नंबरात भागीदार करा. तेरावा नंबर काढू नका, वरचा सगळा हिशेब कोसळतो.

पिशवी हातातच द्यायची, दाराला अडकवायची नाही. तिथे आधीच दुधाची पिशवी असते आणि ती गळते. घंटागाडी यायच्या वेळेला दाराबाहेर ठेवलेल्या कुठल्याही पिशवीचं भवितव्य सांगण्याची गरज नाही.

तारखा आधीच जाहीर करा. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 22 नोव्हेंबरला वाटप केलं की अकरा बदल्या होऊन 14 फेब्रुवारीला पिशव्या परत जमा होतात. आधी सुरू करू नका. उशिराचे अंक यायचे असतात आणि पाहुणेही घरात असतात. मध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू येतं. त्या दिवसांत अंक वाणाच्या सामानाबरोबर दुसऱ्याच कॉलनीत पोचतात, तेव्हा पिशवी कपाटात.

डाग, फाटलेली पानं

चिवडा खात वाचू नका असं सांगून उपयोग नाही, खातातच. आपल्याकडच्या चिवड्यात तळलेला कांदा असतो आणि त्याची तेलकट बोटं गुळगुळीत कागदावर ठसा उमटवतात. डाग ताजा असताना टाल्कम पावडर भुरभुरा, वरखाली टिपकागद ठेवा आणि रात्रभर वजनाखाली दाबा. बराचसा जातो.

मुखपृष्ठ सुटलं तर सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो आणि निघताना कागद घेऊन निघतो. पाठीवर फेविकॉलची बारीक रेघ ब्रशने ओढा, जादा पुसून घ्या, नाही तर शेजारची दहा पानं चिकटतात. पाटावरवंट्यातला पाटा वर ठेवा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

शेरे

प्रत्येक अंकात एक कोरा कागद टाचा आणि वाचणाऱ्या प्रत्येक घराने दोन ओळी पेन्सिलीने लिहायच्या. नियम एकच, कथेचा शेवट फोडायचा नाही. 'चांगला अंक' हा शेरा समजला जाणार नाही असं आधीच सांगा. हवा तो असा: "पान 142ची चकली करू नका, मोहन फार सांगितलंय, तेलात विरघळते." खाली दुसऱ्या घराचं उत्तर: "आम्ही मोहन निम्मं घातलं, टिकली. पण कथा वाचता वाचता तळू नये, दुसरा घाणा करपला." सातव्या-आठव्या आठवड्यापासून लोक अंकाआधी हा कागद वाचायला लागतात.

शेवटचं वाटप

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन; त्याच्या आसपास गच्चीवर जमा. घरटी दोन अंक कायमचे द्यायचे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा, पहिल्या फेरीत 1 ते 12 आणि दुसऱ्या फेरीत उलट 12 ते 1, म्हणजे शेवटच्या चिठ्ठीवाल्याला लागोपाठ दोन उचलता येतात. ज्यांच्याकडून अंक हरवला त्यांनी सर्वांत शेवटी उचलायचा, आणि एकच. शेऱ्यांचे कागद मात्र काढून एका फाइलीत ठेवा, पुढच्या वर्षीची खरेदी त्यावरूनच करायची आहे. भविष्याचा अंक कोणी मागत नाही, तो रद्दीत.