होलोकॉस्टमधून वाचलेल्यांच्या आठवणींचं शब्दांकन कसं करावं

होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्यांपैकी आज हयात असलेले बहुतेक जण 1945 साली लहान मुलं होते. त्यामुळे शब्दांकनाला बसणाऱ्याच्या हाती दोन गोष्टी येतात: बालपणीची तुटक आठवण आणि कागदपत्रांचा ढीग. दोन्ही जपायच्या, पण एकमेकांत कालवायच्या नाहीत. आठवण मजकुरात, कागद तळटिपेत. हे पथ्य मोडलं की चांगलं पुस्तकही संशयात सापडतं.

पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. एका पानाचा तक्ता भरा: जन्माच्या वेळचं नाव, घरातलं हाकेचं नाव, आडनावाची आठवतील तितकी स्पेलिंगं, आईचं माहेरचं आडनाव, गाव, आणि ते गाव तेव्हा कोणत्या देशात होतं. हा शेवटचा रकाना गाळू नका. आजच्या रुमानियातलं क्लुज 1940 ते 1944 हंगेरीकडे होतं, नाव कोलोझवार. पोलंडमधल्या वूजचं जर्मनांनी 1940 मध्ये लिट्झमनश्टाट केलं. नुसत्या आजच्या नावाने शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

जन्मतारखेसाठी मात्र दोन रकाने ठेवा, खरी आणि कागदावरची. नाझी छावणीत शिरताना जुने कैदी मुलांच्या कानात ‘वय वाढवून सांग’ म्हणत, कारण कामाला निरुपयोगी ठरलेल्या मुलाची रवानगी थेट गॅस चेंबरकडे होई. पुढे 1945 मध्ये ब्रिटनने सोळा वर्षांखालच्या अनाथांना प्रवेश दिला, तेव्हा काही मुलांनी तेच वय कमी करून सांगितलं. एकाच माणसाची तीन जन्मसालं सापडली तर दचकू नका.

बैठक सकाळी, दीड तासाच्या आत, आणि लागोपाठ दोन दिवस नको. रात्री झोप उडते, दुसऱ्या दिवशी माणूस बोलायचंच टाळतो. दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. मोनोमध्ये तासाला साधारण 520 एमबी जागा लागते. फ्रिजची घरघर आणि भिंतीवरचं घड्याळ प्रत्यक्षात जाणवत नाही, हेडफोनवर मात्र असह्य होतं. आधी अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून ऐका. बैठक छावणीच्या प्रसंगावर संपवू नका. शेवटची पंधरा मिनिटं युद्धानंतरच्या एखाद्या गोष्टीवर आणा: निर्वासितांची शाळा, बोट, पहिली नोकरी.

प्रश्न मोठे नकोत. ‘भूक कशी होती?’ याला सगळ्यांचं उत्तर एकच. त्याऐवजी पावाबद्दल विचारा. कोण कापायचं? सुरी नव्हती तर कशाने? कडेचा तुकडा कुणाला मिळायचा? लगेच खायचा की थोडा राखून ठेवायचा, आणि राखलेला चोरीला जाऊ नये म्हणून कुठे लपवायचा? अशा प्रश्नांतून बराकीतली माणसं, मैत्र्या, भांडणं आपोआप बाहेर येतात. उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट बरेचदा त्या गप्प राहण्यानंतर येते. आणि ‘भीती वाटली का?’ हा प्रश्न कधीच नको, त्यात उत्तर आपणच दिलेलं असतं.

तारीख विचारण्यापेक्षा ज्यूंचा सण विचारा. ‘योम किप्पुरच्या उपासाला’ असं उत्तर आलं आणि साल 1944 असेल, तर तो दिवस 27 सप्टेंबर. मग पंचांगासारखं ज्यू कॅलेंडर जवळ ठेवायचं, इतकंच.

पडताळणीला सुरुवात जर्मनीतल्या आरोल्सन आर्काइव्हजपासून, म्हणजे नाझी छळाच्या बळींच्या कागदपत्रांच्या संग्रहापासून, करा. जवळजवळ पावणेदोन कोटी माणसांविषयीचे कागद तिथे आहेत आणि कुटुंबीयांना चौकशी विनाशुल्क करता येते. हातावरचा क्रमांक असेल तर तो जर्मनव्याप्त पोलंडमधल्या आउशवित्झ छावणीचाच, इतर छावण्यांत गोंदत नसत. ‘ए’ अक्षराची मालिका मे 1944 मध्ये सुरू झाली, म्हणून असा क्रमांक असलेली व्यक्ती 1942 मध्ये आल्याचं सांगत असेल तर गाड्यांचा क्रम पुन्हा तपासा. उलट, क्रमांक नाही म्हणून खोटं ठरवू नका. 1944 मध्ये हंगेरीतून आणलेल्या अनेकांना नोंद न करताच पुढच्या छावण्यांत पाठवलं गेलं, आणि जानेवारी 1945 मध्ये माघार घेण्याआधी एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, बरेच कागद जाळले.

आउशवित्झमधला कुप्रसिद्ध एसएस डॉक्टर मेंगेले तर जवळपास प्रत्येकाला भेटलेला असतो. प्रत्यक्षात कोण कामाला आणि कोण गॅस चेंबरकडे या निवडीचं काम एसएसचे अनेक डॉक्टर पाळीपाळीने करत, आणि नुकत्याच उतरलेल्या मुलाला त्यांची नावं कुठून कळणार? ते नाव नंतर वाचून-ऐकून आठवणीत शिरलेलं असू शकतं. नाव परस्पर खोडू नका. मजकुरात राहू द्या, तळटिपेत वस्तुस्थिती लिहा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण 2008 मधलं. छावणीच्या कुंपणावरून सफरचंदं फेकणाऱ्या मुलीशी पुढे लग्न झाल्याची हकीकत प्रकाशनाआधीच मागे घ्यावी लागली. लेखक खरोखर छावणीत होता, पण छावणीच्या नकाशावरून ते कुंपण गाठणं शक्य नसल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. म्हणून गोड प्रसंग आधी तपासा, भीषण नंतर.

आपल्याकडची एक हमखास गल्लत: कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीतल्या पोलिश निर्वासितांना होलोकॉस्टमधून वाचलेले समजणं. ते बहुतेक सोव्हिएत हद्दपारीतून आलेले होते. त्यांची कहाणी लिहावी, पण या शीर्षकाखाली नको.

एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास धरा. उतरवताना चुका, पुनरुक्ती तशीच ठेवा, संपादन वेगळ्या प्रतीवर. संवाद रचू नका. आठवलेलं एखादं वाक्य असेल तेवढंच अवतरणात. ‘अपेल’ (हजेरी), ‘कापो’ (इतर कैद्यांवर नेमलेला कैदी) असे छावणीतले शब्द जसेच्या तसे ठेवून पहिल्यांदाच अर्थ द्या.

छापण्याआधी पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि जिवंत नातेवाइकांची नावं ठेवायची की बदलायची हे विचारा. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत कोणत्या संग्रहाला द्यायची, हक्क कुणाकडे राहणार, हे त्याच बैठकीत लेखी घ्या. सही करणारा माणूस नव्वदीचा असतो, वारसांवर सोपवलं की प्रकरण वर्षानुवर्षं अडकतं. त्याच दिवशी मारल्या गेलेल्या नातेवाइकांसाठी जेरुसलेममधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेची साक्षपत्रंही, म्हणजे मृताच्या नावाची नोंद करणारी पानं, भरून घ्या. एका व्यक्तीला एक पान, आणि धाकट्या भावंडांचं फक्त लाडाचं नाव आठवत असेल तर तेही चालतं.