दहावीचं गणित: कोणतं पुस्तक घ्यायचं, कोणतं दुकानातच ठेवायचं

गाईड घ्यायचं की अपेक्षित प्रश्नसंच, क्लास लावायचा की घरीच करायचं, हे ठरवण्याआधी बोर्डाची एक जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवा. बाजारातलं कुठलंही पुस्तक त्यातल्या कोणत्या प्रश्नासाठी उपयोगी पडेल हे सांगता येत नसेल, तर ते घेऊ नका.

भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, दोन तास. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळेकडे. दोन्ही पेपरांची घडण सारखीच आहे. प्रश्न १ मध्ये चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाची गणितं, मिळून ८ गुण. प्रश्न २ मध्ये तीनपैकी दोन कृती (रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करायची गणितं) आणि पाचपैकी चार गणितं, १२ गुण. प्रश्न ३ मध्ये दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन गणितं, ९ गुण. प्रश्न ४ मध्ये तीनपैकी दोन, प्रत्येकी ४ गुणांची. प्रश्न ५ मध्ये दोनपैकी एक, ३ गुणांचं. विकल्प धरून मोजलं तर पेपरात ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात आणि सोडवायचे ४० गुणांचे. 'एक धडा ऑप्शनला टाकू' ही कल्पना यातूनच निघते. पण प्रश्न १ ला विकल्प नाही, आणि सोडलेला धडा तिथे हमखास गाठतो.

पहिले तीन प्रश्न मिळून २९ गुण होतात. यातलं बहुतेक पाठ्यपुस्तकाच्या बेताचं असतं. म्हणून बालभारतीची दोन्ही पुस्तकं आधी, बाकी सगळं नंतर. नाशिकमध्ये बालभारतीचं विभागीय भांडार आहे आणि शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांतही ती मिळतात. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे, पण गणित मोबाईलवर वाचून होत नाही, छापील प्रत हवीच. सेकंड हँड पुस्तक चालेल, मात्र आधीच्या मालकाने सरावसंचांची उत्तरं पेन्सिलने लिहून ठेवली असतील तर घरी आल्यावर आधी खोडरबर हातात घ्या.

पुस्तक वापरायची पद्धत अशी. सोडवलेलं उदाहरण वाचायचं नाही. उत्तरावर कोरा कागद ठेवायचा, स्वतः सोडवायचं आणि मग कागद एकेक ओळ खाली सरकवत ताडून पाहायचं. जिथे आपली ओळ वेगळी निघाली तिथे थांबायचं. त्यानंतर सरावसंच, आणि प्रकरण संपल्यावर आठवड्याने त्याच्या शेवटी दिलेला संकीर्ण प्रश्नसंग्रह. हा प्रश्नसंग्रह बरीच मुलं सोडून देतात आणि त्याऐवजी अपेक्षित विकत आणतात. प्रश्न ३ ची खरी तयारी मात्र तिथेच होते, कारण कोणतं सूत्र लावायचं हे तिथे वर शीर्षकात सांगितलेलं नसतं. त्यातले बहुपर्यायी प्रश्नही सगळे करा.

आता गाईड. घ्यायचं तर एकच घ्या, आणि दुकानात उभ्यानेच तपासा. सांख्यिकीचं एखादं मध्यकाचं गणित उघडा. सूत्र, त्यात घातलेल्या किमती, मधल्या पायऱ्या, एककासह उत्तर, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत आहे का? तपासणीत गुण पायऱ्यांना मिळतात, बऱ्याचदा अर्ध्या-अर्ध्या गुणाने. जे गाईड दोन ओळींत उत्तराशी पोचतं ते मुलाला तशीच सवय लावतं. मग भूमितीतलं एखादं प्रमेय काढा. प्रत्येक विधानासमोर कारण लिहिलेलं आहे का? शेवटी चौकटी भरायच्या कृती पाठ्यपुस्तकाबाहेरच्याही आहेत का ते पाहा. तिन्ही जागी समाधान झालं नाही तर ते दुकानातच राहू द्या. सेमी इंग्रजीच्या मुलांनी गाईड आणि प्रश्नसंच दोन्ही इंग्रजीतूनच घ्यावेत. शाळेत 'सिमिलॅरिटी', घरी 'समरूपता' आणि व्हिडिओत हिंदी अशी खिचडी झाली की शाब्दिक उदाहरण वाचण्यातच वेळ जातो.

जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करताना वर्ष नीट बघा. सध्याच्या पुस्तकांवरची पहिली परीक्षा मार्च २०१९ ची. त्याआधीचे पेपर स्वस्तात मिळाले तरी त्यांचा मांडणीच्या दृष्टीने उपयोग नाही. २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली होती. २०२२ चा पेपर २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर होता, त्यामुळे 'हा प्रकार येत नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. हीच गोष्ट त्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काढलेल्या प्रश्नपेढीची. गणितं चांगली आहेत, पण वगळलेला भाग तिच्यात नाही. मार्चच्या पेपरांबरोबर जुलैच्या पुरवणी परीक्षेचे पेपरही मिळवा. एकूण आठ ते दहा पुरे. त्यातले निम्मे जानेवारीपर्यंत उघडायचेच नाहीत, नाहीतर वेळ लावून सोडवायला कोरा पेपर उरत नाही.

व्हिडिओंबद्दल एवढंच: पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, आधी ते पाहा. कुठलाही व्हिडिओ एका अडलेल्या गणितासाठी पाहायचा, बंद करायचा आणि तेच गणित न बघता लिहायचं. पाहताना सगळंच समजतं, पेन उचलल्यावर किती समजलंय ते कळतं.

क्लास निवडताना तो नाशिकच्या कॉलेज रोडला आहे की गंगापूर रोडला, यापेक्षा एक प्रश्न विचारा: चाचणीचा पेपर तपासून कोण देतं आणि किती दिवसांत? बॅचमध्ये साठ मुलं असतील आणि पेपर फक्त गुण टाकून परत येत असतील, तर ती फी शिकवण्याची नाही, बसण्याच्या जागेची आहे. घरात जागाच नसेल तर अभ्यासिकेत जागा मिळते का ते आधी बघावं.

आता चुका. त्यांच्यासाठी एक वेगळी शंभर पानी वही करा. डाव्या पानावर चुकलेली पायरी जशीच्या तशी, उजव्या पानावर चूक का झाली ते आणि बरोबर पायरी. चूक आकडेमोडीची, प्रश्न वाचण्याची की मुळात समजलंच नव्हतं, हे समासात लिहायचं. तेच गणित तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी पुन्हा सोडवायचं. 'सिली मिस्टेक' हा शब्द या वहीत चालणार नाही. चूक कुठल्या ओळीत झाली ते लिहा.

उदाहरणच घेऊ. वर्ग २०–३०, ३०–४०, ४०–५०, ५०–६०, ६०–७० आणि वारंवारता अनुक्रमे ७, ११, १६, १०, ६. एकूण ५०, निम्मे २५. संचित वारंवारता ७, १८, ३४, ४४, ५०. पंचविसावी संख्या ४०–५० या वर्गात, म्हणून तो मध्यक वर्ग. सूत्रात संचित वारंवारता घालायची ती आधीच्या वर्गाची, म्हणजे १८. पंचवीस वजा अठरा सात, भागिले सोळा, गुणिले दहा, म्हणजे ४.३७५. मध्यक ४४.३७५, सुमारे ४४.३८. घाईत मध्यक वर्गाचीच ३४ घातली जाते आणि उत्तर ३४.३७५ येतं. ही चूक पकडायला दोन सेकंद लागतात: मध्यक हा मध्यक वर्गातच असला पाहिजे, आणि ३४ हे ४० च्या खाली आहे. वर्ग २०–२९, ३०–३९ असे दिले असतील तर ते आधी सलग करून घ्यायचे, खालची मर्यादा १९.५ पासून. हे विसरलं तर उत्तर वर्गात बसतं पण चुकीचं असतं, आणि या चाचणीत पकडलंही जात नाही.

वर्गसमीकरणात घोळ चिन्हाचा. सहगुणक २, −५ आणि −३ असतील तर विवेचक (b² − 4ac) २५ अधिक २४, म्हणजे ४९. इथे २५ वजा २४ करून १ काढणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात. उपाय साधा आहे: किमती घालताना ऋण संख्येला कंस, नेहमी. रेषीय समीकरणांचा आलेख काढताना दोन बिंदूंवर रेषा येते हे खरं, पण तिसरा बिंदू घ्या. तो रेषेवर बसला नाही तर चूक तिथल्या तिथे कळते. आलेख कागदावर प्रमाण लिहायचं विसरू नका.

अर्थनियोजन सोपं म्हणून शेवटी ठेवतात आणि तिथेच गुण जातात. करपात्र किंमत १०,००० रुपये आणि जीएसटी १८ टक्के असेल तर केंद्राचा कर ९०० आणि राज्याचा ९००. दोघांचे अठराशे-अठराशे नव्हेत. सप्टेंबर २०२५ पासून बाजारातले जीएसटीचे दर बदलले आहेत, त्याचा पेपराशी संबंध नाही. प्रश्नात दिलेला दर घ्या, दुकानाच्या बिलावरचा नाही. शेअरवरचा लाभांश दर्शनी किमतीवर काढायचा: दर्शनी किंमत १०, बाजारभाव १५० आणि लाभांश २० टक्के असेल तर एका शेअरमागे २ रुपये मिळतात, ३० नाही. दलाली खरेदीत मिळवायची, विक्रीत वजा करायची, आणि जीएसटी दलालीवर लागतो, शेअरच्या किमतीवर नाही.

भूमितीसाठी साहित्य म्हणजे आधी कंपासपेटी, मग पुस्तक. दहावीला नवी पेटी घ्या किंवा जुन्या कंपासचा स्क्रू आवळून घ्या. चार सेंटिमीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर कंपास सैल आहे, आणि कोनदुभाजकापासून स्पर्शिकेपर्यंत सगळ्या रचना त्याने चुकतील. पेन्सिलीचं टोक आणि कंपासचं टोक बंद स्थितीत एका उंचीवर यायला हवं.

रचनेच्या प्रश्नात कच्ची आकृती आधी. समरूप त्रिकोणात गफलत गुणोत्तराची होते. दिलेल्या आणि काढायच्या त्रिकोणाच्या बाजू ५ : ७ असतील तर किरणावर सात समान भाग करायचे, पाचवा बिंदू दिलेल्या बाजूच्या टोकाला जोडायचा आणि सातव्यातून त्याला समांतर रेषा काढायची. सातवा जोडून पाचव्यातून समांतर काढली की त्रिकोण मोठा व्हायच्या ऐवजी लहान होतो. दिलेली बाजू ५.५ सेमी असेल तर नवी ७.७ सेमी भरली पाहिजे, पट्टीने मोजून बघा. कंपासच्या खुणा खोडायच्या नाहीत, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. प्रमेयाच्या सिद्धतेला आकृती नसेल तर सिद्धता अपुरी धरली जाते.

मुख्य प्रमेयं मोजकीच आहेत: प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, त्रिकोणाच्या कोनदुभाजकाचं, समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं, पायथागोरसचं, अंतर्लिखित कोनाचं, चक्रीय चौकोनाचं, स्पर्शिका-छेदिका कोनाचं. पाठ करताना आकृतीतली अक्षरं बदलून लिहा. पेपरात अक्षरं बदलली की नुसतं घोकलेलं गळून पडतं.

महत्त्वमापनात कॅल्क्युलेटर नाही, म्हणून गुणाकार शेवटपर्यंत लांबवा. आधी सगळी पदं अपूर्णांकात मांडून काटाकाटी करा, मग जे उरेल ते गुणा. पाय (π) २२/७ घ्यायचा की ३.१४ ते प्रश्न सांगतो.

वेळेचा हिशेब गुणामागे तीन मिनिटांचा. प्रश्न १ ला १४ मिनिटं, प्रश्न २ ला ३०, प्रश्न ३ ला २६, प्रश्न ४ ला २८, प्रश्न ५ ला १० आणि तपासायला १२. शेवटी वाढीव दहा मिनिटं मिळत असली तरी सराव दोन तासांचाच करा. बहुपर्यायी प्रश्नात उपप्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर दोन्ही लिहायचं, आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरतात, तेव्हा खोडून दुसरा पर्याय लिहून उपयोग नाही. चौकटीची कृती संपूर्ण उतरवून घ्या. नुसती उत्तरं एकाखाली एक लिहिली तर कोणती कुठल्या चौकटीतली हे तपासणाऱ्याला कळत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांत जानेवारीपासून द्राक्षांची तोडणी सुरू होते, घर आणि मळा एक होतो. तिथे 'रोज चार तास' हे वेळापत्रक कागदावरच राहतं. पहाटे ४५ मिनिटं नवी गणितं आणि रात्री २० मिनिटं चुकांची वही, एवढं रोज झालं तरी चालतं. मात्र रविवारी एक पेपर पूर्ण दोन तास, सलग, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

बीजगणित आणि भूमितीच्या पेपरांत साधारण एक दिवस मोकळा मिळतो. बीजगणिताची उत्तरं जुळवण्यात तो घालवू नका. सकाळी सातही प्रमेयं आकृतीसह एकदा लिहा, दुपारी प्रत्येक प्रकारची एक रचना, संध्याकाळी त्रिकोणमितीची आणि महत्त्वमापनाची सूत्रं. झोपण्यापूर्वी दोन पेन्सिली टोकदार करा आणि कंपासचा स्क्रू पुन्हा एकदा आवळून पेटीत ठेवा.