मूल वर्गात यायच्या आधी: विशेष शिक्षकांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी मुलांच्या फायली वाचा, पण निदानाच्या ओळीवर थांबू नका. 'स्वमग्नता' किंवा 'सेरेब्रल पाल्सी' एवढं वाचून पहिल्या दिवशी सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्यासाठी पालकांशी निवांत बोला आणि चार गोष्टी लिहून घ्या: मूल हवं-नको कसं सांगतं, कशाने शांत होतं, कशाला घाबरतं आणि शू लागली की काय करतं. शेवटचं विचारायला संकोच वाटतो, तरी विचाराच. सुरुवातीच्या दिवसांतलं बरंचसं रडू तिथून येतं.

औषधं, अ‍ॅलर्जी, फिटचा त्रास, गिळायला अडचण असेल तर खाणं किती मऊ लागतं, हे सगळं प्रत्येक मुलामागे एका कागदावर आणा. तो कागद वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पटकन सापडावा, मात्र भिंतीवर लावू नका. ती त्या मुलाची खासगी बाब आहे. फिट आली तर घड्याळ बघायचं, मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. डॉक्टरांनी त्या मुलासाठी वेगळं काही लिहून दिलं असेल तर ते आधी पाळायचं. मदतनीस ताईंना हे नुसतं सांगू नका, एकदा करून दाखवायला लावा.

मग रिकाम्या वर्गात जा आणि खाली जमिनीवर बसा. तिथून वर्ग वेगळाच दिसतो. ट्यूबलाइट फडफडते का? खुर्ची सरकवली की कर्कश आवाज होतो का? होत असेल तर पायांना जाड कापड बांधा. प्रत्येकाच्या खुर्चीची उंची बघा. पाय लोंबकळत असतील तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि हाताच्या कामाला काही उरत नाही. खोक्यात कागद ठासून भरून ते पायाखाली दिलं तरी फरक पडतो. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चकचकीत लॅमिनेशन टाळा, त्यावर उजेड चमकतो आणि चित्र हरवतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासमोर खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, कारण तोंड अंधारात गेलं की ओठ दिसत नाहीत. श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या कपाटात हव्यातच.

आता चित्रांचं वेळापत्रक. माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो आणि जावा असंच मला वाटतं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात १९७२ साली स्वमग्न मुलांसाठी टीच (TEACCH) नावाचा कार्यक्रम सुरू झाला. काम मांडण्याची त्यांची पद्धत चार प्रश्नांवर उभी आहे: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि मग पुढे काय. या चारांची उत्तरं मुलाला डोळ्यांनी दिसली पाहिजेत. म्हणून दिवसाच्या कामांची चित्रं क्रमाने एका पट्टीवर लावा आणि शेजारी 'संपलं' लिहिलेली पेटी ठेवा, काम झालं की त्याचं चित्र त्या पेटीत जातं. सगळ्यांना रेषांची चित्रं कळतात असं धरून चालू नका. काहींना फोटो लागतो, काहींना हातात खरी वस्तूच द्यावी लागते, म्हणजे जेवणासाठी चमचा, बाहेर जायचं असेल तर बूट.

माझ्या वर्गातला एक मुलगा खेळ थांबवला की आडवा पडायचा, रोजच. पट्टी लावून तिसरा आठवडा होता. त्याने स्वतः उठून खेळाचं कार्ड ओढलं, वेल्क्रोचा चर्र आवाज झाला, कार्ड पेटीत टाकलं आणि पुढच्या चित्रावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. त्याला खेळ सोडायचा नव्हता असं नाही. पुढे काय आहे हे त्याला इतके दिवस कुणी दाखवलंच नव्हतं.

बोलण्यासाठी कार्डं करताना 'पाणी', 'खाऊ' सगळे करतात. तुम्ही 'नको', 'मदत' आणि 'थांब' आधी करा. चावून नकार देणाऱ्या मुलाला 'नको'चं कार्ड दिलं, तर सुरुवातीचे आठवडे प्रत्येक वेळी त्या कार्डाला मान द्यावा लागतो, नाहीतर ते पुन्हा दातांकडे वळतं. विचारल्यावर थांबायचाही सराव करा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतले तास अभ्यासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं वाढली. आपल्या मुलांना त्याहून जास्त लागतात. मी मनात दहापर्यंत मोजते आणि तोवर प्रश्न पुन्हा विचारत नाही.

रोजच्या कामांचे तुकडे पाडून ठेवा आणि शिकवायला शेवटापासून सुरुवात करा. हात धुण्यात नळ, साबण, चोळणं हे हात धरून करून घ्या, पण टॉवेलने पुसणं त्याचं त्याला करू द्या. काम पुरं केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमलं की एक पायरी मागे या. मदत कुणी, किती करायची हे ताईंबरोबर आधीच ठरवा. दोघींनी एकाच वेळी सूचना दिल्या की मूल गोंधळतं.

शांत कोपरा करा, गादी आणि एखादी जड उशी पुरे. तिथे शिक्षा म्हणून कुणालाही पाठवू नका, एकदा जरी पाठवलं तरी ती जागा वाया जाते. खिशात छोटी वही ठेवा: रडण्या-मारण्याच्या आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की कारण बहुधा हाती लागतं.

आदल्या दिवशी जादा कपडे, जादा कार्डं आणि वाळूचं घड्याळ जागेवर आहे ना बघा. प्रत्येकाची घरी न्यायची वहीही तयार ठेवा, पहिल्याच दिवशी तिच्यात मुलाला जमलेली एक गोष्ट लिहून पाठवायची आहे.