अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींचं आपसातलं बोलणं अभ्यासताय? या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की नाशकातल्या बायोटेकच्या पोरापोरींचे मेसेज चालू होतात, सर मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) खवळल्यात, पण कंट्रोलमधल्यापण (तुलनेसाठी ठेवलेल्या) खवळल्यात, आता काय लिहू? अहो, कंट्रोलच खवळला असेल तर तो बहुतेक वेळा आजार नसतो, तुमच्या हाताळणीचा परिणाम असतो.

सगळ्यात आधी एन्डोटॉक्सिनवर संशय घ्या. बॅक्टेरियाच्या भिंतीतलं हे विष मायक्रोग्लियांना नॅनोग्रॅमभरसुद्धा पुरतं, मग टीएनएफ (दाह वाढवणारं प्रोटीन) वर जातो आणि तुम्ही लिहून मोकळे की ॲमायलॉइड बीटामुळे (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या पेप्टाइडमुळे) झालं. ऑटोक्लेव्ह केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात बॅक्टेरिया मरतात पण एन्डोटॉक्सिन तसल्या उष्णतेला दाद देत नाही. पेशींवर घालायच्या पेप्टाइडची एलएएल टेस्ट (एन्डोटॉक्सिन मोजणारी) करा, आणि कंट्रोल म्हणून त्याच सॉल्व्हंटमध्ये क्रम उलटसुलट केलेला पेप्टाइड ठेवा. ॲमायलॉइड बीटा ४२ (त्याचा ४२ अमिनो आम्लांचा प्रकार) परत परत गोठवून-वितळवून वापरू नका, दरवेळी गुठळ्या वेगळ्या होतात, सुटा रेणू, ऑलिगोमर (थोड्या रेणूंची छोटी गुठळी) आणि धागे यांना पेशी वेगवेगळी उत्तरं देतात.

उन्हाळ्यात पुण्याहून ड्राय आइसवर पेशींची व्हायल मागवली आणि गाडी रस्त्यात अडकली तर डबा उघडून आधी बर्फ उरलाय का बघा. व्हायल मऊ झाली असेल तर परत फ्रीझरला टाकू नका, लगेच प्लेट करा (कल्चरच्या ताटलीत वाढायला घाला) आणि किती पेशी जिवंत आहेत ते मोजा.

ॲस्ट्रोसाइटच्या (न्यूरॉनना आधार देणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशींच्या) कल्चरमध्ये तर लोक हमखास फसतात. एक म्हणजे सीरम (रक्तातला द्रव, पेशी वाढवायला घालतात तो), ते घातलं की ॲस्ट्रोसाइट आधीच चिडलेल्या अवस्थेत जातात, मग आजाराने काय बदललं ते कळणार कसं? दुसरं, त्यात मायक्रोग्लिया लपून बसतात. २०१७ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की चिडलेल्या मायक्रोग्लिया आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू ही प्रोटीनं सोडतात आणि ही तिकडी ॲस्ट्रोसाइटला न्यूरॉनच्या जिवावर उठवते, म्हणजे थोड्याशा मायक्रोग्लियापण तुमचं उत्तर फिरवू शकतात. आयबीए१ चं (मायक्रोग्लियाची खूण असलेल्या प्रोटीनचं) स्टेनिंग करून बघाच. आणि कंडिशन्ड मीडियम (पेशी ज्यात वाढल्या तो द्रव) न्यूरॉनवर ओतताना त्यात उरलेलं ॲमायलॉइडपण जातं हे विसरू नका! आधी पेशी धुवा, ताजं मीडियम घाला, मग ते गोळा करा, शिवाय पेशी नसलेल्या वेलमध्येपण तेवढाच वेळ ॲमायलॉइड ठेवून तेच सगळं करा.

आता लॅपटॉपवाले, कारण वेट लॅबचा खर्च झेपत नाही म्हणून आपल्याकडे बरेच जण पब्लिक डेटावर काम करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. सेलचॅट, सेलफोनडीबी (कुठली पेशी कुणाशी बोलते याचा अंदाज बांधणारी सॉफ्टवेअर) चालवलं, गोल गोल बाणांचं सुंदर चित्र आलं, की झालं! पण पंचवटीतल्या एकाकडे मोबाइल आहे आणि सिडकोतल्या दुसऱ्याकडेपण आहे म्हणून त्यांचं बोलणं झालंच असं धराल का? हे टूल लायगँड (निरोप देणारा रेणू) आणि रिसेप्टरच्या (तो घेणाऱ्या प्रोटीनच्या) आरएनएवरून अंदाज बांधतं, प्रोटीन बनलं का, दोन पेशी जवळ होत्या का, हे त्याला बहुधा ठाऊक नसतं. स्पेशियल डेटा (पेशी टिश्यूत कुठे आहे हे सांगणारा) मिळाला तर पडताळा, नाहीतर ‘शक्यता’ असंच लिहा.

याहून मोठी गडबड एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) मोजण्यात होते. अल्झायमरच्या मेंदूंवरच्या २०१९ च्या गाजलेल्या अभ्यासात ४८ माणसं आणि ८०,६६० न्यूक्लियस (पेशींची केंद्रकं) होते, तिथे एन ४८ च, ऐंशी हजार नाही. प्रत्येक माणसाच्या पेशी एकत्र करून स्यूडोबल्क (दर माणसामागे एकच बेरीज) काढा, अर्धे ‘सिग्निफिकंट’ जीन गळाले तरी चालेल. आणि न्यूक्लियसच्या डेटात मायक्रोग्लियाचे चिडण्याचे बरेच जीन नीट दिसत नाहीत, म्हणून ‘मायक्रोग्लिया शांत आहेत’ असा निष्कर्ष नको. उलट ताज्या टिश्यूच्या पेशी ३७ डिग्रीला एन्झाइमने सुट्या केल्या तर त्या प्रक्रियेनेच चिडतात, थंडीत करा किंवा ट्रान्सक्रिप्शन थांबवणारं औषध घाला.

५एक्सएफएडी उंदरात (अल्झायमरच्या अभ्यासासाठी जीन बदललेल्या) दोनेक महिन्यांतच प्लाक (ॲमायलॉइडचे थर) दिसायला लागतात, पण टाऊच्या (अल्झायमरमध्ये न्यूरॉनच्या आत गाठी करणाऱ्या प्रोटीनच्या) गाठी होत नाहीत. त्यामुळे टाऊबद्दल त्याच्या जोरावर काही बोलू नका. ग्लिया (मायक्रोग्लिया, ॲस्ट्रोसाइट अशा न्यूरॉन नसलेल्या पेशी) न्यूरॉनच्या दहापट असतात हे वाक्य इंट्रोतून काढा, माणसाच्या मेंदूत प्रमाण साधारण एकास एक आहे. आणि दात्यांचं वय, लिंग, एपीओई प्रकार (अल्झायमरचा धोका ठरवणाऱ्या जीनचा), मृत्यूनंतर मेंदू काढायला लागलेले तास, हा तक्ता विश्लेषण सुरू करायच्या आधी बनवा, नंतर गाइडनी मागितल्यावर नाही.